कुंपणापलीकडचं इंग्रजी

इंग्लंडात लीड्सला भावाकडे गेले होते तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर संपत आला होता. भावाच्या घरामागे चिंचोळी बाग आहे आणि शेजारच्या बागेशी तिची हद्द म्हणजे छातीएवढं लाकडी कुंपण. पलीकडे एक आजीबाई एकट्या राहतात. त्यांचे यजमान त्याच वर्षी वसंतात गेले, हे भावाने आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. मी दोरीवरचे अर्धवट सुकलेले कपडे काढत होते आणि त्या छोट्या कात्रीने गुलाबाची वाळलेली फुलं कापून बादलीत टाकत होत्या. ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा वास होता. भावाने ओळख करून दिलेली असल्यामुळे मी विचारलं, कशा आहात. त्यांनी मान वर केली नाही. कात्री चालूच होती. म्हणाल्या, ‘यू गेट यूज्ड टू इट, लव्ह. यू गेट बाय.’ मग एक फूल कापलं आणि पुढे म्हणाल्या, ‘यू डोन्ट गेट ओव्हर इट, माइंड.’ सवय होते. दिवस निघतात. पण त्यातून माणूस बाहेर येत नाही, एवढं खरं. मग हातमोजे काढले, ‘राइट, आय विल पुट द केटल ऑन’ म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांचं बोलणं मला कळलं नाही असं नव्हतं. सगळं कळलं होतं, आणि तरी ते दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. मी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. हेच दुःख आमच्या पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीत मांडायचं झालं असतं तर ‘अकस्टम्ड’, ‘सर्व्हाइव्ह’, ‘रिकव्हर’ असे शब्द आले असते. बाईंनी यातला एकही शब्द वापरला नव्हता. ‘गेट’ हे एकच क्रियापद तीनदा घेतलं आणि दर वेळी त्याच्यापुढे एक किरकोळ शब्द बदलला. पाचवीतल्या मुलालाही वेगवेगळे विचारले तर त्यातले बहुतेक शब्द येतात. आणि त्या तीन वाक्यांत त्यांच्या सगळ्या वर्षाचा हिशेब होता.

आपल्याकडे इंग्रजी आलं ते कचेरीतून, कोर्टातून, अर्जांतून आणि वर्तमानपत्रांतून. मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या पिढीला रजेचा अर्ज बिनचूक लिहिता येतो, ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘सरेंडर’ हे शब्द स्पेलिंगसकट येतात. पण खुद्द इंग्रज माणसं घरात, ओट्याशी, आजाऱ्याच्या उशाशी ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘गिव्ह इन’ म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा समजलं. त्या समाजाचा इतिहासच तसा आहे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या दरबाराची नि न्यायाची भाषा फ्रेंच राहिली, धर्माची आणि विद्येची लॅटिन. शेतावर, चुलीपाशी मात्र जुनीच बोली चालू होती. त्यामुळे आजही त्यांच्याकडे एकाच गोष्टीसाठी दोन दोन शब्द आहेत. आग विझवायच्या लाल नळकांड्यावर ‘एक्स्टिंग्विशर’ लिहिलेलं असतं, आणि आग लागल्यावर माणूस ओरडतो ते ‘पुट इट आउट’. लीड्स ज्या यॉर्कशरमध्ये आहे तिथे तर आणखी एक थर आहे. 866 मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं, मग ते तिथेच वसले, शेती करू लागले, सोयरिकी झाल्या. ‘गेट’ आणि ‘टेक’ ही क्रियापदं त्यांच्याच नॉर्स भाषेतून इंग्रजीत आली. भावाने हे सांगितलं तेव्हा मी पुन्हा कुंपणापलीकडे बघितलं. बाईंच्या तोंडचा तो ‘गेट’ त्याच मातीत हजाराहून जास्त वर्षं रुळलेला होता.

आमच्या वर्गात क्रियापद आणि त्याच्यापुढचा छोटा शब्द अशा जोड्यांचा हा विषय येतो तो यादी म्हणून. डावीकडे क्रियापद, उजवीकडे अर्थ. गाइडमध्ये अशा याद्यांची पानंच्या पानं असतात आणि परीक्षेत ‘स्वतःच्या वाक्यात उपयोग करा’ असा प्रश्न असतो. मुलं हुशार असतात. अर्थ कळला नाही तरी चालेल अशी वाक्यं ती शोधून काढतात. ‘वुई शुड नॉट गिव्ह अप.’ ‘आय लुक आफ्टर माय मदर.’ वाक्य बरोबर असतं, गुण द्यावेच लागतात. पण त्या वाक्यात कुणीच नसतं. कुणी काय सोडलं, का सोडलं, सोडताना काय वाटलं, काही नाही. यादीत ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ शेजारी शेजारी बसतात आणि दोघांपुढे ‘हार मानणे’ छापलेलं असतं. आता सिगारेट सोडली तर ते ‘गिव्ह अप’, आणि पोरगं तासभर रडल्यावर आईने शेवटी मोबाइल हातात दिला तर ते ‘गिव्ह इन’. पहिल्यात माणूस स्वतःच थांबतो, दुसऱ्यात समोरच्यापुढे नमतो. हे अर्थाच्या रकान्यात मावत नाही. त्याला ते रडणारं पोरगं लागतं आणि ती दमलेली आई लागते.

परक्यांना हे जड जातं, हे इंग्रजांना केव्हापासून ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने 1755 मध्ये आपला कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदापुढे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत आमच्या भाषेत इतर कुठल्याही भाषेपेक्षा बहुधा जास्त आहे आणि परदेशी माणसाची सगळ्यात मोठी अडचण तिथेच होते. गंमत म्हणजे तेव्हा या प्रकाराला आजचं नाव नव्हतं. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा रुळली ती 1925 नंतर, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी. तोवर लोक ती क्रियापदं बिनदिक्कत वापरत होतेच.

लीड्सच्या त्या मुक्कामात मी कान उघडे ठेवले. बसमध्ये, दुकानात, भाच्याच्या शाळेच्या दारात. शब्दांआधी मला त्यांचा ठेका ऐकू यायला लागला. ‘लुक ॲट दॅट’ म्हणताना जोर ‘लुक’वर पडतो, ‘ॲट’ कुठेतरी पुसट होऊन जातो. पण ‘लुक इट अप’ म्हणताना आवाज ‘अप’वर चढतो. पहिल्यात तो छोटा शब्द पुढच्या वस्तूचा असतो, दुसऱ्यात क्रियापदाचा. ‘शी रॅन अप अ हिल’ आणि ‘शी रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्यं कागदावर जुळी दिसतात. ती टेकडी पळत चढली. तिने बिल भरमसाट वाढवलं. आता टेकडी आणि बिल यांच्या जागी ‘इट’ घालून बघा. टेकडीचं होतं ‘शी रॅन अप इट’, बिलाचं होतं ‘शी रॅन इट अप’. क्रियापद आणि त्याचा जोडीदार थोडे बाजूला सरकून ‘इट’ला मध्ये जागा देतात. ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसणार, ‘पुट इट ऑफ’. भाचा आठ वर्षांचा. त्याला हा नियम कुणी शिकवलेला नाही आणि तो कधी चुकत नाही. मी मुद्दाम चुकीचं म्हणून दाखवलं तर त्याने तोंड वाकडं केलं, का ते त्याला सांगता आलं नाही.

रात्री वहिनी भांडी आवरताना मला म्हणाली, ‘ताई, चहा टाकू का?’ आणि मी थांबलेच.

चहा टाकू का! एखादी इंग्रज बाई मराठी शिकत असेल आणि तिच्या यादीत टाकणे म्हणजे फेकणे असं लिहिलेलं असेल, तर या वाक्याचं ती काय करील? आपण पाऊल टाकतो, नजर टाकतो, उसासा टाकतो. नाक्यावर दुकान टाकतो. मुलाच्या नोकरीसाठी कुणाकडे शब्द टाकतो. पाऊस नसला की पिकं मान टाकतात. यातलं एकही फेकणं नाही. आणि हेच टाकणे दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीशी जाऊन उभं राहिलं की काम पुरतं उरकल्याची खूण होतं. खा वेगळं, खाऊन टाक वेगळं. फाडलं वेगळं, फाडून टाकलं वेगळं. इंग्रजीत नेमकं हेच काम ‘अप’ करतो. ‘ईट’ आणि ‘ईट अप’, ‘टेअर’ आणि ‘टेअर अप’. वर जाण्याचा तिथे काही संबंध नाही. मुलांना मी वर्षानुवर्षं ‘अप म्हणजे वर’ असं सांगितलेलं ऐकते, सगळ्याच शाळांत, आणि मग ‘ड्रिंक अप’ला ती अडतात. त्यांना ‘पिऊन टाक’ म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही.

आपल्याकडचा हा खजिना किती मोठा आहे याची आपल्याला कल्पना नसते, कारण तो आपण श्वासासारखा वापरतो. एकट्या ‘बोलणे’चं बघा. सगळ्यांसमोर बोलून टाकलं म्हणजे मनावरचं ओझं उतरवलं. बोलून गेले म्हणजे भान नव्हतं, तोंडातून निघालं. बोलून बसले म्हणजे आता पस्तावा आहे. बोलून दाखवलं म्हणजे मनातली सल पोचवली. बोलून घेतलं म्हणजे संधी होती तोवर साधून घेतली. बोलून ठेवलंय म्हणजे पुढची सोय केलीय. क्रिया तीच, पण माणसाचं मन दर वेळी निराळ्या जागी उभं आहे. मोरो केशव दामल्यांनी 1911 साली छापलेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांचा बारकाईने विचार केलाय. पण आजही शाळेत तो धडा दोन उदाहरणांवर संपतो. स्वतःच्या भाषेतल्या ‘बोलून बसले’कडे ज्याने एकदा नीट पाहिलंय, त्याला ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ परके वाटायचं कारण नाही.

आणि संस्कृत घेतलेल्या कुणालाही तो श्लोक पाठ असतोच: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहार-संहार-विहार-परिहारवत्. उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने भलतीकडे ओढून नेतो. हृ धातू एकच, पण मारणंही त्यात आलं, जेवणही, फिरायला जाणंही. इंग्रजीत छोटा शब्द क्रियापदानंतर येतो, आपल्याकडे धातूच्या आधी, एवढाच फरक, असं मी बरीच वर्षं समजत होते आणि तसंच सांगायचेही. पण वेदात तो फरकही उरत नाही. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात सातवी ऋचा आहे: उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम्, नमो भरन्त एमसि. अग्नी, आम्ही रोज नमस्कार घेऊन तुझ्याजवळ येतो. यातला ‘जवळ’ सांगणारा ‘उप’ पहिला शब्द आहे आणि ‘येतो’ सांगणारं क्रियापद शेवटचा. सगळी ऋचा त्या दोघांच्या मध्ये मावलीय. पाणिनीने याची तीन छोट्या सूत्रांत नोंद केली आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतात. वेदात नंतरही येतात. आणि मध्ये अंतर ठेवूनही येतात. ‘पुट इट ऑफ’मध्ये ‘इट’ला जागा देणारी गोष्ट याहून फार वेगळी नाही. पुढे लौकिक संस्कृतात ते उपसर्ग धातूला कायमचे चिकटले. लॅटिनमध्येही चिकटले, आणि ‘पोस्टपोन’ फोडून पाहिलं तर आत ‘नंतर’ आणि ‘ठेवणे’ सापडतात. म्हणजे अर्जातला तो भारदस्त शब्दही कधीकाळी असाच दोन साध्या शब्दांचा होता.

आपण या क्रियापदांना मराठीत घेतलं नाही असं नाही, भरपूर घेतलं. पण घेताना त्यांची नामं केली. फॉलोअप, पिकअप, ब्रेकअप, बॅकअप, सेटअप, कटऑफ. ‘फॉलोअप घे’, ‘त्यांचं ब्रेकअप झालं’, ‘गाडी पिकअप घेत नाही.’ नाम झालं की दोन शब्दांमधली फट बुजते, त्यांच्यात ‘इट’ शिरू शकत नाही. सरकारी कार्यालयांत मात्र एक जिवंत राहिलंय. तिथे फाइल साहेबांपुढे ‘पुट अप’ करतात, आणि त्या ‘अप’मध्ये पायरीपायरीने वर चढणारी टिपणी अजून स्पष्ट दिसते. ‘पासआऊट’चं मला विशेष वाटतं. आपल्याकडे ‘तो 2015चा पासआऊट’ सहज म्हणतात, कॉलेजातून बाहेर पडला या अर्थी. लीड्समध्ये कुणी ‘ही पास्ड आउट’ म्हणालं तर लोक पाणी आणायला धावतील, कारण तिथे रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशुद्ध पडला असा होतो. म्हणून आपलं चूक, असं काही जण लगेच म्हणतात. मला ते पटत नाही. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मैदानावर छात्र ज्या संचलनाने निरोप घेतात त्याला पासिंग आउट परेडच म्हणतात, आणि ते नाव ब्रिटिश लष्करी परंपरेतूनच आलंय. ‘कोप अप विथ’मधला जास्तीचा ‘अप’ मात्र मी मुलांच्या वहीत खोडते. तो ‘कीप अप विथ’च्या ओढीने आलाय हे समजतं, तरी खोडते.

पण मला बोलायचं होतं ते त्या ‘गेट’बद्दल आणि त्याच्या जोडीदारांबद्दल. बाईंच्या तोंडचे ‘ओव्हर’ आणि ‘बाय’, आणि त्यांनी न वापरलेला ‘थ्रू’. हे तिन्ही शब्द मुळात वाटेचे आहेत. भिंत ओलांडून पलीकडे जाणं म्हणजे ‘ओव्हर’. बोगद्यातून या टोकाने शिरून त्या टोकाने निघणं म्हणजे ‘थ्रू’. आणि अडचणीच्या कडेकडेने, अंग चोरून पुढे सरकणं म्हणजे ‘बाय’. ‘आय गॉट ओव्हर इट’ म्हणणारा माणूस ती भिंत मागे टाकून आलेला असतो. ‘आय गॉट थ्रू इट’ म्हणणारा अंधारातून चालून आलेला असतो. बाईंनी पलीकडे जाण्याचं नाकारलं होतं, स्वच्छ शब्दांत. त्यांना ती भिंत ओलांडायचीच नसावी. नवरा भिंतीच्या या बाजूला होता.

बाबा गेले त्यानंतरच्या दिवसांत आईकडे भेटायला येणारे तिला तेच विचारायचे, कसं काय चाललंय. ती ठराविक काही म्हणायची नाही. एकदा फोनवर माझ्या मावशीला सांगताना मी ऐकलं, ‘दिवस काढायचे, आठवण काढायची. दुसरं काय करणार?’ तेव्हा मी त्यात काही वेगळं ऐकलं नव्हतं. आई आयुष्यभर धार काढत आली, आमची समजूत काढत आली, बाबांच्या आजारपणात तिने कर्ज काढलं, दुपारी जमली तर घटकाभर झोप काढली. त्या सगळ्या काढण्यांच्या ओळीतच हे दोन काढणे येऊन बसले होते. आजीबाईंशी आईची भेट झाली असती तर दोघींना एकमेकींची भाषा अजिबात कळली नसती. पण मोठा शब्द दोघींनीही जवळ केला नव्हता. दुःख सांगायला दोघींनी आपापल्या भाषेतलं सगळ्यात झिजलेलं, रोज हाताळलेलं क्रियापदच उचललं. मला वाटतं, माणूस खरं बोलतो तेव्हा बहुतेक वेळा असंच बोलतो, आणि परकी भाषा शिकवताना आपण नेमका हाच भाग परीक्षेच्या शेवटच्या चार गुणांपुरता ठेवतो याचं मला वाईट वाटतं.

परत आल्यावर मी वर्गात यादी बंद केली. एक दिवस उचलायचा आणि तो सगळा इंग्रजीत सांगायचा, असं सुरू केलं. पहिला दिवस एसटीचा. मुलं रोज तिच्यातूनच येतात. आम्ही निघालो, ‘वुई सेट ऑफ’. घाटात गाडी बंद पडली, ‘इट ब्रोक डाउन’. सगळे उतरलो, ‘वुई गॉट ऑफ’. इथे एकाने विचारलं, मॅडम, ‘गेट डाउन’ नाही का? मी म्हटलं, आपल्याकडे तसंच म्हणतात, पण इंग्लंडात बसमधून ‘गेट ऑफ’ होतात आणि मोटारीतून ‘गेट आउट’, कारण बसमध्ये माणूस उभा राहू शकतो, चालू शकतो, ती पायाखालच्या फलाटासारखी. मोटारीत वाकून शिरावं लागतं. हे मुलांना लगेच पटलं, त्यांनी होडी, सायकल, रिक्षा सगळं तपासून पाहिलं. सायकलवरून ‘ऑफ’, रिक्षातून ‘आउट’. मग कंडक्टरने डेपोला फोन लावला, दुसरी गाडी काही आली नाही, ‘इट डिडन्ट टर्न अप’, आणि शेवटी आम्ही चालतच शाळेत पोचलो, ‘वुई एन्डेड अप वॉकिंग’. तास संपेपर्यंत कुणालाही अर्थ लिहून द्यावा लागला नाही.

मग सांगितलं, आता घरातला एक दिवस लिहा, खरा. नववीतल्या एका मुलीने लिहिलं: ‘माय फादर पुट ऑफ माय सिस्टर्स वेडिंग बिकॉज द रेन डिड नॉट टर्न अप.’ पाऊस आला नाही म्हणून वडिलांनी बहिणीचं लग्न पुढे ढकललं. माणमध्ये हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मी ‘टर्न अप’पाशी थांबले. ते येईल म्हणून ज्याची वाट बघत असतो अशा माणसासाठी जास्त वापरतात. पाऊस तसा येतो का, इंग्रजीत? तिला विचारलं, हाच शब्द का घेतलास. म्हणाली, ‘मॅडम, आम्ही वाट बघत होतो ना त्याची.’ रात्री भाच्याला फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, बरोबर आहे की, आणि लगेच विचारलं, मग लग्न कधी झालं?